न पाहिलेल्या जमिनीची नोंद

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडच्या चढणीने निघालं की वाटेत एकाच खडकातून कोरून काढलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. काळ प्रतिहार राजा मिहिरभोजाचा. आज आपण काढतो तसं वाटोळं शून्य या लेखात स्पष्ट दिसतं, म्हणून गणिताच्या इतिहासात त्याला मोठा मान आहे आणि जगभरातले अभ्यासक तो पाहायला येतात. पण मजकूर गणिताचा नाही, जमिनीचा आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, देवाला रोज ५० माळा, अशी ती नोंद आहे. आपल्या शहरातलं सर्वांत प्रसिद्ध शून्य जमिनीच्या कागदपत्रात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या शून्याचं काम नीट पाहावं. २७० मधलं शून्य सांगतं की एककाच्या घरापर्यंत मोजणी झाली आणि तिथे काही उरलं नाही. कोणीतरी दोरी धरली, हात मोजले आणि मगच ते वर्तुळ कोरलं. पाहिलं, मोजलं, नाही निघालं, एवढं सगळं त्या एका खुणेत आहे. मोजणारा बागेच्या एका बाजूला फिरकलाच नसता, तर त्या बाजूच्या लांबीच्या जागी त्याला शून्य कोरता आलं नसतं. जागा मोकळी सोडावी लागली असती, किंवा मोजमाप झालेलं नाही असं लिहावं लागलं असतं.

आज याच शहराचे उपग्रहातून आणि ड्रोनमधून घेतलेले नकाशे तयार होतात तेव्हा शून्याला सर्रास हे दुसरं, न मोजलेली जागा दाखवण्याचं काम दिलं जातं. उपग्रहाचं चित्र म्हणजे चौकटींची एक जाळी असते आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो: परावर्तित प्रकाशाचा, उंचीचा, तापमानाचा. या व्यवसायातले लोक त्याला रास्टर म्हणतात आणि चौकटीला पिक्सेल. जिथे कॅमेरा पोचला नाही, ढग आडवा आला, चित्राची कड संपली, तिथेही चौकट असतेच आणि चौकट म्हटली की तिच्यात काही ना काही आकडा ठेवावाच लागतो. बहुतेक वेळा ठेवला जातो तो शून्य. मग ‘इथे काही नाही’ आणि ‘इथे आम्ही पाहिलं नाही’ ही दोन अगदी वेगळी विधानं एकाच खुणेने लिहिली जातात. माझं म्हणणं असं की न पाहिलेल्या भागाची नोंद ही नकाशातल्या इतर कोणत्याही नोंदीइतकीच मोलाची आहे. ती वेगळी ठेवली पाहिजे, उघड ठेवली पाहिजे आणि नकाशा ज्याच्या हाती जाईल त्याच्यापर्यंत ती पोचली पाहिजे. नकाशावरून हक्क ठरणार असतील तर ते कर्तव्यच आहे.

ग्वाल्हेरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शहरातल्या इंदरगंजापासून सरळ पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरवर पूर्व रेखांश ७८ अंशांची रेषा लागते. जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे पाडलेले आहेत आणि त्यातला ४३ वा पट्टा याच रेषेवर संपून ४४ वा सुरू होतो. शहर ४४ व्या पट्ट्यात आणि शिवपुरी रस्त्यावरचं मोहना, जिल्हा तोच असून, ४३ व्या पट्ट्यात. दोन्ही पट्ट्यांतली चित्रं जोडून जिल्ह्याचा एक सलग नकाशा करायचा तर एका चित्राचं प्रोजेक्शन बदलावं लागतं आणि तसं केलं की ते चित्र दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे अडीच अंशांनी फिरतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचं एक चित्र ११० किलोमीटर लांबरुंद असतं. एवढी मोठी चौकट अडीच अंशांनी फिरली की तिच्या कडांना पाचरीच्या आकाराचे रिकामे तुकडे पडतात आणि पाचरीचं रुंद टोक जवळपास पाच किलोमीटर भरतं. त्या पाचरीत कुणी काही पाहिलेलं नाही. ती निव्वळ भूमितीतून निघाली आहे आणि पडद्यावर ती काळी दिसते, कारण तिच्यात शून्य भरलेलं आहे.

कागदी नकाशांच्या काळातही हे शहर शिवणीवरच होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार शहराचा लष्कर हा भाग आणि किल्ला ५४ जे/४ या शीटवर येतात, तर २६ अंश १५ मिनिटांच्या रेषेपलीकडचा महाराजपुऱ्याचा विमानतळ ५४ जे/३ वर. दोन्ही शीटा स्कॅन करून एकावर एक ठेवल्या तर वरच्या कागदाचा पांढरा समास खालच्या नकाशाची पट्टी झाकून टाकतो. संगणकाच्या लेखी समासाचा पांढरा आणि नकाशावरच्या मोकळ्या रानाचा पांढरा एकच.

आता त्या काळ्या पाचरीचं काय करायचं? सगळेच करतात तो उपाय सोपा आहे: शून्य म्हणजे ‘नोडेटा’, इथे माहितीच नाही, असं एकदा जाहीर करायचं, की शून्य असलेल्या सगळ्या चौकटी पारदर्शक होतात आणि पाचर नाहीशी होते. नकाशा स्वच्छ दिसतो, काम करणाऱ्याला हायसं वाटतं. आणि इथेच घात होतो.

पश्चिमेला त्याच ७८ अंशांच्या रेषेजवळ सांक नदीवरचं तिघरा धरण आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार. १९१६ साली ते बांधलं गेलं आणि १९ ऑगस्ट १९१७ रोजी, पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून, फुटलं. पुढे ते पुन्हा उभं राहिलं. पुण्याच्या खडकवासल्याला १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी बसवलेल्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची पद्धत या तिघऱ्यालाही वापरली गेली. अशा धरणाचं पाणी उपग्रहातून मोजायचं झालं तर अवरक्त प्रकाशाचा बँड, म्हणजे त्या प्रकाशाची वेगळी जाळी, घेतात, कारण पाणी अवरक्त किरण जवळपास सगळे गिळतं. त्या बँडमध्ये झाडं उजळ दिसतात, शेतं करडी आणि पाणी काळं. आता मूळ चित्रातले आकडे हजारोंच्या पटीत असतात. ते पडद्यावर नीट दिसावेत म्हणून ० ते २५५ या मापात ओढून बसवतात आणि तसं करताना सर्वांत गडद दोन टक्के चौकटी कापून शून्यावर आणण्याची रीत आहे. क्यूजीआयएससारख्या रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये ही आधीपासूनची सोय आहे. या उन्हाळी, खडकाळ मुलखात सर्वांत गडद दोन टक्क्यांत कोण येणार? तिघऱ्याचं पाणी.

असं चित्र जतन केलं आणि वर ‘शून्य म्हणजे नोडेटा’ असं लिहून टाकलं की पाचरीबरोबर धरणही जातं. जलाशयाच्या जागी भोक पडतं आणि त्यातून खालचा थर दिसू लागतो: कधी जुनं चित्र, कधी नुसता पांढरा पडदा. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, गाळामुळे थोडा प्रकाश परत येतो, त्यामुळे काठाकाठाने काही चौकटी वाचतात. हिवाळ्यात गाळ बसून पाणी निवळतं आणि तेव्हा भोक सगळ्यात मोठं होतं. पाणी जितकं स्वच्छ तितकं ते नकाशातून गायब. यावरून कुणी साठ्याचं क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चुकेल, आणि चुकलं आहे हे त्याला कळायला काहीच मार्ग नसेल, कारण नकाशावर एकही डाग दिसत नाही.

हा धोका मोठ्या संस्थांना ठाऊक आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रांत शून्य फक्त नोडेटासाठी राखलेलं होतं. पण अतिशय गडद जमिनीची आणि पाण्याची मूल्यं वातावरणाचा परिणाम वजा केल्यावर शून्याला टेकत, कधी शून्याखाली जात. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन अवकाश संस्थेने प्रत्येक खऱ्या मूल्यात १००० मिळवून द्यायला सुरुवात केली, म्हणजे गडद पाणी आणि न पाहिलेली जागा यांच्यात मोकळं अंतर राहील. त्यासाठी जगभरच्या वापरकर्त्यांना आपापले हिशेब बदलावे लागले, कुरकुरही झाली. मला तो निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो.

शून्याऐवजी दुसरा आकडा घेतला तर? उंचीच्या नकाशांत उणे ९९९९ घेतात. त्याचा एक फायदा आहे. समजा एका तुकड्यात शंभर चौकटी आहेत, ऐंशी चौकटींत जमीन समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर आहे, साधारण ग्वाल्हेरइतकी, आणि वीस चौकटी पाहिलेल्याच नाहीत. उणे ९९९९ चुकून हिशेबात आलं तर सरासरी उंची उणे १८४० मीटरच्या आसपास निघते. ते पाहून कुणीही दचकेल आणि चूक शोधायला बसेल. त्याच वीस चौकटींत शून्य असेल तर सरासरी १६० मीटर येते. ती पाहून कुणी दचकत नाही. अहवालात ती तशीच छापली जाते, तिच्यावर पुराची पातळी ठरते आणि नाल्याचा उतार ठरतो. चुकीचा आकडा संभाव्य दिसला की तो सर्वांत घातक होतो, आणि शून्य नेहमीच संभाव्य दिसतं.

खरा उपाय आकड्यांच्या बाहेर आहे. मूळ चौकटींना हात न लावता त्यांच्या मापाची दुसरी एक जाळी करायची आणि प्रत्येक चौकटीत एवढंच लिहायचं: पाहिलं, की पाहिलं नाही. हाच मास्क. नकाशांच्या जिओटिफ फाइलची मुळं चित्रांच्या ज्या टिफ प्रकारात आहेत त्याच्या १९९२ च्या सहाव्या आवृत्तीतही अशा मास्कची तरतूद आहे. चौकटीमागे एक बिट पुरतो, त्यामुळे फाइल फारशी फुगत नाही. शून्य मग पुन्हा मोजलेलं शून्य होतं आणि तिघऱ्याचं पाणी जागेवर राहतं. विचार म्हणून यात काही उणं नाही.

उणं आहे ते त्याच्या लपून राहण्यात. फाइल उघडली की बँड दिसतात: लाल, हिरवा, निळा. मास्क त्या यादीत येत नाही. तो फाइलच्या पोटात वेगळ्या पानावर असतो किंवा शेजारी .एमएसके नावाच्या वेगळ्या फाइलीत. पेन ड्राइव्हवर नकाशा देणारा मुख्य फाइल उचलतो आणि शेजारची तिथेच राहते. घेणाऱ्याला काही कमी आहे असं वाटत नाही, कारण नकाशा उघडतो आणि छान दिसतो. फाइल लहान करण्यासाठी जेपेग पद्धतीने दाबली, तर कडेच्या काळ्या भागात शून्याच्या जागी एक, दोन, तीन असे आकडे उमटतात आणि ‘शून्य म्हणजे नोडेटा’ हा नियम तिथे लागू पडेनासा होतो, कडेने काळ्या ठिपक्यांची किनार राहते. दुरून पाहण्यासाठी चित्राच्या लहान प्रती बनवतात, त्यांच्यासोबत मास्कच्याही लहान प्रती बनवल्या नाहीत तर चार चौकटींची एक करताना न पाहिलेलं आणि पाहिलेलं यांची सरासरी निघते.

यातला एक प्रकार मी विशेष गंभीर मानतो. पारदर्शकता ठेवण्याची आणखी एक जागा म्हणजे अल्फा बँड, लाल-हिरव्या-निळ्यानंतरचा चौथा. शेतीच्या आणि पाण्याच्या कामाच्या चित्रांत चौथा बँड अवरक्त असतो. चार बँडांची फाइल तयार करताना चौथा कशाचा आहे हे स्पष्ट सांगितलं नाही, तर पुष्कळ सॉफ्टवेअर त्याला अल्फा समजून तशी खूण करून टाकतात. मग अवरक्त प्रकाश हीच पारदर्शकता ठरते. झाडी उजळ, म्हणून ती पूर्ण दिसते. पाणी गडद, म्हणून ते आरपार. तिघरा पुन्हा नाहीसं, आणि या खेपेला शून्याचाही दोष नाही. फक्त एका खुणेने नोंदीचा अर्थ उलटा केला.

हे सगळं तंत्रज्ञांनी पाहून घ्यावं, सामान्य वाचकाला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. मला यात आपल्या दर्शनशास्त्रातला एक जुना वाद दिसतो. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कशाने कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत्यांनी यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. घट दिसला नाही म्हणून घट नाही. पण लगेच त्यांनी एक अट घातली. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी: प्रकाश हवा, डोळे नीट हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. योग्य अशी अनुपलब्धीच प्रमाण, नुसती अनुपलब्धी नव्हे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी इतक्या काटेकोरपणे केलेला हा भेद आपण आपल्या सर्वांत आधुनिक नकाशांत पुसून टाकतो आहोत. मास्क म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी दिलेलं योग्यतेचं प्रमाणपत्र. ते हरवलं की त्या चौकटीतलं ‘नाही’ वाचण्याचा अधिकारही गेला.

याच्या विरोधात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. लोकांना पूर्ण नकाशा हवा असतो. भोकं पडलेला, पट्टे मारलेला नकाशा पाहून विश्वास उडतो, म्हणून रिकाम्या जागा शेजारच्या मूल्यांवरून भरून काढाव्यात, अंदाज चांगलाच असतो. अंदाज चांगला असतो हे खरं. पण ३१ मे २००३ रोजी लँडसॅट-७ उपग्रहातला एक भाग बिघडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात तिरक्या पट्ट्यांनी सुमारे २२ टक्के भाग रिकामा येऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने काय केलं? चित्रं देणं कायमचं थांबवलं नाही आणि भेगा लपवल्याही नाहीत. पट्ट्यांसकट चित्रं दिली आणि सोबत कुठे कुठे भेग आहे याचे मास्कही दिले. ज्याला भरून घ्यायचं त्याने आपल्या जबाबदारीवर भरावं. पुढची अनेक वर्षं जगभरच्या अभ्यासकांनी ही चित्रं वापरली. पट्टे होते म्हणून विश्वास उडाला नाही. भरलेल्या जागेवर ‘ही भरलेली आहे’ अशी खूण असेल तर माझी भरण्याला काहीच हरकत नाही. खूण न करता भरलेली जागा मात्र साक्षीदाराने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगण्याच्या जातीची आहे.

अंटार्क्टिकावरच्या ओझोनची हकिगत या बाबतीत नेहमी अर्धवट सांगितली जाते. निंबस-७ उपग्रहावरच्या टॉम्स या उपकरणाने १९८३ मध्ये अतिशय कमी मूल्यं टिपली होती, पण १८० एककांच्या खाली गेलेल्या मूल्यांवर ‘शंकास्पद’ अशी खूण करण्याचा नियम संगणकाला दिलेला होता. नासातली मंडळी त्या खुणांचा अर्थ लावत होती, तोवर मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बे इथल्या जमिनीवरच्या मोजणीवरून ‘नेचर’मध्ये ओझोन घटल्याचं जाहीर केलं. संगणकाने आकडे फेकून दिले, अशी कथा त्यावरून रूढ झाली. आकडे फेकलेले नव्हते. खुणेखाली ते शाबूत होते, म्हणूनच नासाला मागे जाऊन ते उघडता आले आणि छिद्र किती मोठं आहे याचा पहिला नकाशा काढता आला. खूण केली आणि मूळ मूल्यही राखलं, तर उशीर होतो पण नुकसान भरून निघतं. शंकास्पद चौकटींत सरळ शून्य भरलं असतं तर परत जायला रस्ताच उरला नसता.

मूळ मूल्य खाली शाबूत राहण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही जागा नकाशात दाखवायच्या नसतात. लष्करी तळ, दारूगोळ्याची कोठारं झाकण्याचा सरकारला अधिकार आहे आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी वेगळे आणि जनतेसाठी वेगळे, अशा दोन मालिकाच केल्या. अशी जागा कुणी मास्क लावून किंवा अल्फा शून्य करून झाकली, तर ती पडद्यावरच झाकली जाते. खालचे लाल-हिरवे-निळे आकडे फाइलीत तसेच राहतात आणि मास्क दुर्लक्षित करण्याचं एक बटण दाबलं की सगळं उघडं पडतं. रोखायची माहिती खरोखर काढून टाकावी लागते, आणि ती काढल्यावरही ‘इथली माहिती रोखलेली आहे’ असं लिहावं लागतं. शून्य, न पाहिलेलं आणि रोखलेलं, अशा तीन वेगळ्या नोंदी हव्यात. रोखलेल्या जागी शेजारच्या शेताचं चित्र चिकटवून तिथे शेतच आहे असं भासवणं हा राज्याने नागरिकाशी केलेला खोटेपणा आहे आणि सुरक्षेच्या नावाखाली तो मला मान्य नाही. जागा कोरी ठेवा आणि कोरी का आहे ते सांगा.

आता जमिनीकडे येतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. राज्याच्या भू-अभिलेखाचं मुख्यालय अनेक दशकं याच शहरात, मोतीमहालात राहिलं. खसरे, बंदोबस्ताचे नकाशे, पटवाऱ्याच्या नोंदी यांचं मोल ग्वाल्हेरकराला समजावून सांगावं लागत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. गावाच्या वस्तीचं ड्रोनने चित्रण करायचं आणि घराघराला मालमत्तेची पत्रिका द्यायची. त्याआधी २०१८ मध्ये महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात हा प्रयोग करून पाहिला होता. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहूनही ज्यांच्या हाती कागद नव्हता त्यांना तो मिळतो आहे.

त्यातली पद्धत अशी. उड्डाणाच्या आधी गावकरी आणि पंचायतीची माणसं मिळून प्रत्येक जागेच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारतात. ड्रोन वरून जातो, शेकडो चित्रं घेतो. ती जुळवून १:५०० प्रमाणाचा नकाशा होतो आणि त्यावरच्या पांढऱ्या रेघांवरून हद्द आखली जाते. मग कुणीतरी जागेवर जाऊन पडताळा घेतं. आता ही चुन्याची रेघ कडुनिंबाखालून गेली तर? पत्र्याच्या पागोळीखालून, दोन घरांमधल्या हातभर बोळातून गेली तर? वरून ती दिसत नाही. चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअर तिथे भोक ठेवत नाही, भोवतालच्या ठिपक्यांवरून पृष्ठभाग ताणून भरतं. नकाशावर छप्पर सलग दिसतं, झाडाची सावली सलग दिसते आणि आखणी करणारा पडद्यावर एका दिसणाऱ्या तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढतो. ती रेघ बहुधा बरोबरही असेल. पण गावातली भांडणं नेमकी त्या हातभर बोळाचीच असतात.

सॉफ्टवेअरला मात्र हे ठाऊक असतं. कोणत्या चौकटीसाठी किती चित्रं मिळाली, कुठे एकही मिळालं नाही आणि अंदाज करावा लागला, हे ते आतल्या आत मोजतं. म्हणजे मास्क तयार असतो. पुढच्या पायरीला तो जात नाही इतकंच. माझ्या मते या कामातली सर्वांत मोलाची वस्तू आपण टाकून देतो आहोत, कारण हा मास्क म्हणजे पडताळणीला जाणाऱ्या माणसासाठी तयार यादी आहे: इथे चाल, इथे टेप लाव, इथे शेजाऱ्याला बोलाव. सगळ्या गावात सारखंच फिरायला त्याला वेळ नसतो. कुठे वरून दिसलेलं नाही एवढं कळलं तरी त्याचा निम्मा दिवस वाचेल.

शहरांत हे आणखी कठीण होईल. शहरी जमिनीच्या मोजणीचा केंद्राचा ‘नक्शा’ हा पथदर्शी कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्याच रायसेनहून, देशातल्या १५२ नगरसंस्थांसाठी सुरू झाला. आज ना उद्या अशी मोजणी लष्करच्या जुन्या पेठांतून होणारच. लष्कर १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलं. इंदरगंज, जयेंद्रगंज, जनकगंज, दौलतगंज अशा गंजांतून वाड्याला वाडा लागून आहे. जुन्या वाड्याच्या आतल्या चौकात हिवाळ्यात जमिनीवर ऊन टेकत नाही. मधली भिंत दोन भावांच्या वाटण्यांत सामाईक. वरच्या मजल्याचा सज्जा गल्लीवर आलेला, त्यामुळे गल्लीची खरी रुंदी वरून कळत नाही. तिरप्या कॅमेऱ्यांनी आणि लेसरने न दिसणारा भाग कमी होईल, संपणार नाही. इथल्या एका बिऱ्हाडाची हद्द दोन फुटांनी इकडेतिकडे झाली तर पुढच्या पिढीचं निम्मं आयुष्य कोर्टात जाईल.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती निविदेतच लिहिता येते. नकाशाची फाइल स्वीकारताना मास्क फाइलच्या आत आहे का, आणि लहान प्रतींतही आहे का, हे तपासल्याशिवाय बिल मंजूर करू नये. शून्य हा नोडेटाचा आकडा म्हणून चालणार नाही असं स्पष्ट नमूद करावं. चौथा बँड कशाचा आहे ते लिहून घ्यावं. अंदाजाने भरलेल्या भागाला वेगळी खूण हवी आणि ती छापील नकाशावरही उतरली पाहिजे. या अटींना खर्च नाममात्र येतो. जीडालसारखी मोफत साधनं हे सगळं आजही करतात, मागणारा मात्र हवा.

आणि मालमत्तेच्या पत्रिकेवर क्षेत्रफळाच्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी: या हद्दीपैकी किती लांबी प्रत्यक्ष दिसली, किती जागेवर मोजली आणि किती अंदाजाने आखली. हरकती मागवण्याआधी तो नकाशा प्रभागाच्या कार्यालयात भिंतीवर लागावा, आणि न दिसलेल्या भागांवरच्या तिरप्या रेघा दारातून आत येणाऱ्याला दिसतील एवढ्या ठळक असाव्यात, म्हणजे ज्याच्या भिंतीवर त्या पडल्या आहेत तो मुदत संपायच्या आत टेप घेऊन येईल.